सोमवारकाकांचा रविवार

“पार्सल सोमवारपर्यंत मरत नाही.”

हे वाक्य काकांनी पहिल्यांदा कधी म्हटलं ते कुणालाच आठवत नव्हतं, काकांना तर नाहीच. पण शुक्रवारी संध्याकाळी गाडीत एखादं खोकं उरलं, दार बंद मिळालं, की ते हेच म्हणत आणि खोकं परत आणून फळीवर नीट ठेवत. शेवटी त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. धाकट्यांसाठी ते सोमवारकाका झाले, बरोबरीचे नुसतंच ‘सोमवार’ म्हणू लागले. “सोमवार, चहा घेतोस का?” असं कुणी बुधवारी विचारलं की डेपोत नव्याने आलेला माणूस भिंतीवर कॅलेंडर शोधायचा.

सव्वीस वर्षं काकांनी लोकांच्या दारात पार्सलं पोचवली. माणसं काय काय मागवतात, हे ज्याने खांद्यावरून वाहिलं आहे त्याच्या मनात घाईबद्दल फारसा आदर उरत नाही. ‘अत्यंत तातडीचे’ असा लाल शिक्का मारलेलं खोकं एका गृहस्थांनी त्यांच्यासमोरच दारात फाडलं होतं. आत मांजराचा स्वेटर निघाला. भर उन्हाळा होता. मांजर कोपऱ्यात बसून दोघांकडेही सारख्याच तुच्छतेने बघत होतं. काकांनी सही घेतली, स्वेटरचा रंग छान आहे म्हणाले आणि जिना उतरले. घाईचा खरा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला, असं ते सांगत.

काकांना दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी. ती कंपनीने प्रेमाने दिलेली नव्हती. काका नोकरीला लागले त्याच वर्षी ड्रायव्हर लोक अकरा दिवस फाटकाबाहेर उभे राहिले होते आणि त्यातून ती निघाली होती. युनियनच्या खोलीत त्याचा फोटो आहे. त्यात तिसऱ्या ओळीत काकांचा अर्धा कान दिसतो. त्या अर्ध्या कानाच्या जोरावर ते पुढे युनियनचे प्रतिनिधी झाले आणि त्यांच्याकडे दुसरी अभिमानाची गोष्ट आली, ती म्हणजे यादी.

यादी म्हणजे कोण कधी नोकरीला लागला त्याचा क्रम. अठ्ठेचाळीस ड्रायव्हरांची अठ्ठेचाळीस नावं. वर्षातून एकदा, निवडीच्या दिवशी, सकाळी गाड्या भरायच्या आधी सगळे डेपोच्या मोकळ्या जागेत उभे राहत. काका वरून एकेक नाव वाचत आणि ज्याचं नाव येईल तो आपली शिफ्ट आणि आपला रूट मोठ्याने सांगत असे. वरच्याला आधी हात घालता येई, खालच्याला उरलेलं. साहेबाचा भाचा असो की साहेबाच्या डोळ्यात खुपणारा असो, यादी कुणाचं तोंड बघत नसे. एकदा तोंडातून गेलेली निवड बदलता येत नाही, हा नियम काकांनीच घातला होता. एका वर्षी एका ड्रायव्हरने चार वेळा विचार बदलला, दुपार झाली, आणि त्या दिवशी अख्ख्या गावाची पार्सलं संध्याकाळी पोचली. त्या माणसाला अजूनही ‘पण’ म्हणतात.

घरी काका रविवार पाळत, दुसरा शब्द नाही. सकाळी उठल्याबरोबर ते दाराच्या घंटीची बॅटरी काढून कपाटावर ठेवत. पाच दिवसांत ऐकलेल्या घंट्या पुरे झाल्या, असं त्यांचं म्हणणं. मग युनिफॉर्म स्वतः धुवायचा, बुटांना पॉलिश करायचं, जेवायचं आणि एक ते तीन झोपायचं. ती झोप इतकी गाढ असे की बायको म्हणायची, “अहो, तुम्ही झोपत नाही, तुमची डिलिव्हरी होते.”

तर असा हा रविवार कंपनीच्या नजरेला पडला.

नवा साहेब आला होता. वयाने काकांच्या लेकीएवढा, पण शर्टाची इस्त्री पन्नाशीची. त्याने सगळ्यांना खुर्च्या दिल्या, बिस्किटं दिली, तेव्हाच काकांना शंका आली.

“जग बदललंय,” साहेब म्हणाला. “ग्राहक आता रविवारीही जागा असतो.”

“नसतो साहेब,” काका म्हणाले. “मी शुक्रवारी दुपारी दार वाजवतो तेव्हासुद्धा झोपेतून उठून येतो.”

सगळे हसले, साहेबही हसला. हसता हसता त्याने सांगितलं की पुढच्या करारात सगळ्यांना आळीपाळीने शनिवार-रविवार करावे लागतील. मग हसू थांबलं आणि बिस्किटंही संपली.

त्यानंतरचे चार महिने युनियनने कंपनीशी घासाघीस केली. शेवटी एक तोड निघाली आणि ती काढण्यात काकांचा हात मोठा होता. जुन्या ड्रायव्हरांना कंपनी हात लावणार नाही, त्यांचा सोमवार ते शुक्रवार शाबूत. यापुढे जे नवे भरती होतील, त्यांची वेगळी फळी. शनिवार-रविवार काम, शिवाय आठवड्यातले आणखी तीन दिवस, सुट्टी मंगळवार-बुधवार. सोम-शुक्रची एखादी जागा रिकामी झाली तर या फळीतल्या सगळ्यात जुन्याला ती आधी विचारायची. यादी जशीच्या तशी.

सभेत एकदोघांनी कुरकुर केली. “आपलेच लोक असतील ना तेही?” एक जण म्हणाला.

काका उभे राहिले. आपल्याला बोलता येतं, असं त्यांना पहिल्यापासून वाटत आलेलं. “अरे, जे अजून आलेच नाहीत, त्यांचं काय नुकसान होतंय?”

हॉल हसला, टाळ्या पडल्या, हात वर झाले. जे आलेच नव्हते ते सभेलाही आलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाजूने हात वर होण्याचा प्रश्नच नव्हता. काकांनी दोन्ही हात वर केले होते, असं ‘पण’ अजून सांगतो. काका म्हणतात, एक हात पंखा बंद करायला केला होता.

पुढच्या वर्षी ते न आलेले लोक येऊ लागले. त्यांतली दुसरी काकांची लेक होती.

ती आधी कपड्यांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस तो रस्त्याचाच असतो. म्हणून लेक आणि आता सहा वर्षांची झालेली नात काकांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहत. लेक गाडी छान चालवायची, ती तिला काकांनीच शिकवलेली. डेपोत भरती निघाली आणि तिने अर्ज केला तेव्हा काका पेढे वाटल्यासारखा चेहरा करून अख्ख्या जिन्यात हिंडले. युनिफॉर्म घालून ती पहिल्यांदा समोर उभी राहिली तेव्हा त्यांनी तिची कॉलर नीट केली आणि बजावलं, “डेपोत बाबा म्हणायचं नाही. तिथे मी प्रतिनिधी आहे.”

“बरं, काका,” लेक म्हणाली. तेव्हापासून घरात बाबा आणि डेपोत काका असं चाललं होतं. एकदा घाईत ती घरीच काका म्हणाली, तेव्हा बायको म्हणाली, “चला, आता मलाही काकू म्हणा, म्हणजे बाहेरचं कुणी उरणार नाही.”

नव्या फळीत काम करारात लिहिलं होतं तसंच होतं. रविवारची गाडी सकाळी सहाला भरायची आणि रिकामी होईपर्यंत फिरवायची. लेक घरी पोचायची तेव्हा नात झोपलेली असे. मंगळवार-बुधवार लेकीला सुट्टी, तेव्हा नात शाळेत. शनिवार-रविवार नातीला सुट्टी, तेव्हा आई कामावर. असं चोख वेळापत्रक मुद्दाम ठरवूनही जमलं नसतं. वेण्या, डबा, पाढे आणि रागावणं एवढं आईच्या वाट्याला यायचं. सकाळी उठून नुसतं एकमेकींच्या अंगावर लोळायचं, मग दुपारी कंटाळायचं, असा एक अख्खा दिवस तीन वर्षांत त्यांना मिळाला नव्हता. तो आजोबांना मिळत होता, कारण करारात तसं लिहिलेलं होतं.

काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलेलं सगळं मनाला लावून घ्यायला वेळ लागतो आणि दुपारी एक ते तीन ते झोपलेले असत.

मधल्या काळात घरात वेगळंच काही वाढत होतं. स्वयंपाकघरात तीन चाळण्या झाल्या. कपडे वाळत घालायचे चिमटे इतके झाले की एका रुमालाला चार लावले तरी उरत. काकांनी एकदा विचारलं, “हे कुठून येतं सगळं?”

“संसार आहे,” बायको म्हणाली. “वाढतो.”

इकडे डेपोत साहेबाने भिंतीवर एक तक्ता लावला. रविवारी कुठल्या रस्त्यावर किती मागणी, त्याच्या रंगीत काड्या. त्यातली काकांच्या गल्लीची काडी दर महिन्याला वर चढत होती.

“बघा काका,” साहेब म्हणाला, “तुमचेच शेजारी रविवारची वाट बघत असतात.”

काकांना संताप आला. संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या लोकांना फाटकाशी गाठून विचारलं, रविवारी कोण मागवतो? कुणीच कबूल होईना. ‘आम्ही कशाला,’ म्हणून सगळ्यांनी मान हलवली. काकांनी ठरवलं की गल्ली खोटारडी आहे.

मग एका रविवारी त्यांना झोप लागली नाही. गुडघा ठणकत होता. अडीचच्या सुमाराला खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, बाजूचं दार सरकल्याचा आला. हा आवाज काकांना झोपेतही ओळखू यायला हवा होता. त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून नात धावत सुटली. तिच्या पायांत चपला आधीपासूनच होत्या आणि हातात पेन होतं.

काका खिडकीशी आले. खाली गाडीच्या पायरीवर लेक बसली होती. नात तिच्या मांडीवर. मशीनवर सही करायचं काम चाललं होतं. सही म्हणजे अख्खं नाव, त्याला शेपटी, शेपटीला फूल. मग नातीने आपला पडलेला दात दाखवला. मग शाळेतलं काहीतरी सांगितलं, ते अर्धं झालं. लेकीने घड्याळ बघितलं, पोरीच्या डोक्याचा वास घेतला, खोकं तिच्या हातात दिलं आणि दार सरकवलं. सगळं मिळून दोन मिनिटं. गाडी वळली तरी नात तिथेच उभी होती.

मग ती वर आली आणि खोकं आजीच्या हातात दिलं. आजीने न उघडताच ते कपाटात सरकवलं.

“काय आहे त्यात?” काका मागून म्हणाले.

बायको दचकली नाही. चाळीस वर्षांत ती दचकायचं विसरली होती. “बटणं असतील. का चाळणी. मला काय माहीत, जे स्वस्त दिसतं ते मागवते.”

“रविवारी? माझ्या घरात?”

“मग कधी? बुधवारी मागवलं तर दुसराच कुणी आणून देतो. त्याचा काय उपयोग पोरीला?”

काका खुर्चीत बसले. साहेबाच्या तक्त्यावरची ती चढती काडी कुणाची होती ते आता कळलं. सव्वीस वर्षं रविवारसाठी भांडणाऱ्या प्रतिनिधीच्या घरातून दर रविवारी एक चाळणी मागवली जात होती. आणि ती मागवणारी बाई बरोबर होती.

“तुम्ही म्हणता ना, पार्सल सोमवारपर्यंत मरत नाही,” बायको कपाट लावत म्हणाली. “खरं आहे. पोरगी मात्र सोमवारी शाळेत असते.”

काकांनी गुडघा चोळायला घेतला. बायको पुढे म्हणाली, “आणि ऐका. निवडीच्या दिवशी सोम-शुक्र मिळाला नाही तर ती नोकरी सोडणार आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाली.”

“मला का नाही?”

“म्हणाली, प्रतिनिधींना कशाला त्रास.”

त्या दिवसापासून काका डेपोत गप्प गप्प राहू लागले. काका गप्प राहिले म्हणजे आता युनियनचं काहीतरी मोठं निघणार, असं साहेबाला वाटलं आणि त्याने पुन्हा बिस्किटं आणली. काका मात्र मनात यादी वाचत होते. त्या वर्षी कुणी निवृत्त होत नव्हतं. सोम-शुक्रच्या चाळीसही जागा भरलेल्या. जागा रिकामी करायची तर कुणीतरी स्वतःहून शनिवार-रविवार मागायला हवा होता. असा वेडा यादीत कोण आहे, याचा त्यांनी वरपासून खालपर्यंत विचार केला. शेवटी पुन्हा वर आले. सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं.

आता एकच अडचण. नव्या फळीत लेकीचा नंबर दुसरा. पहिला लांब्या. हा लांब्या म्हणजे साडेसहा फुटांचा शांत माणूस, गाडीत बसला की गुडघे स्टिअरिंगला विचारून हलवायचा. रिकामी जागा आधी त्याला विचारावी लागणार. पण लांब्याचा रविवार मजेत होता. त्याच्याकडे कचेऱ्यांचा रूट होता. रविवारी कचेऱ्या बंद, पार्सलं मोजकी, गाडी दुपारी एकला रिकामी. रविवारी गाडी रिकामी झाली की घरी, हा रिवाज. “मला रविवारच बरा, काका,” तो तीन वर्षं म्हणत आला होता. “साहेब नाही, सिग्नल नाही.”

त्याला जाऊन सरळ विचारायचं, एवढंच काकांना करायचं होतं. पण प्रतिनिधीने धाकट्याला विचारणं म्हणजे दबाव आणि बापाने विचारणं म्हणजे भीक, असं त्यांनी ठरवलं. दोन्ही न करता त्यांनी हिशेब मनातच पक्का केला. घरी कुणाला सांगितलं नाही. निवडीच्या दिवशी यादी हातात घेण्याआधी त्यांनी बुटांना दोनदा पॉलिश केलं.

सकाळी सगळे उभे राहिले. साहेब बाजूला, हात मागे. काकांनी पहिलं नाव वाचलं, ते स्वतःचंच.

“शनिवार-रविवार,” काका म्हणाले.

कुणाला काही ऐकू आलं नाही असं नव्हे. सगळ्यांना नीट ऐकू आलं, म्हणूनच कुणी हललं नाही. ‘पण’ म्हणाला, “सोमवार, ताप आहे का तुला?”

“निवड बोलून झाली,” काका म्हणाले. “पुढचं नाव.”

जुन्यांची पुढची नावं भराभर झाली. कुणी आपला रूट सोडला नाही. मग काकांची रिकामी जागा उरली. काकांनी पेनाचं टोक लेकीच्या नावावर ठेवूनच वरचं नाव वाचलं, एखादी सवयीची पायरी उतरावी तसं. “लांब्या. सोम-शुक्र. नको ना?”

“घेतो,” लांब्या म्हणाला.

काकांनी मान वर केली.

“घेतो, काका. लग्न झालं ना आता. ती शाळेत शिकवते. तिला शनिवार-रविवारच सुट्टी.”

त्या लग्नाला काका गेले होते. पहिल्या पंगतीला पोटभर जेवले होते, नवरीला आशीर्वाद दिला होता, ती शिक्षिका आहे हे ऐकून ‘छान’ही म्हणाले होते. करारातला कुठलाही कागद उलटसुलट वाचणाऱ्या माणसाकडून एवढ्या एका लग्नाचा अर्थ लावायचा राहून गेला होता.

लेकीने बघितलं, पेनाचं टोक कुठे टेकलं आहे. तिला सगळं कळलं. ती जमिनीकडे बघू लागली. साहेबानेही बघितलं. तो दोन पावलं पुढे आला आणि आवाजात साय आणून म्हणाला, “काका, एक मिनिट. कंपनी माणसं बघते, कागद नाही. तुमची सव्वीस वर्षं आहेत. ही जागा आपण तुमच्या मुलीला देऊ. एवढ्या एका वेळी यादी बाजूला ठेवू. मी सही करतो.”

असा मायाळू साहेब डेपोने कधी पाहिला नव्हता. अख्ख्या नोकरीत त्या माणसाने कुणाला अर्धा तास आधी सोडलं नव्हतं आणि आज तो एका आईला रविवार देत होता. काकांना त्याची माया पुरेपूर समजली. यादी आज एका वेळी बाजूला ठेवली की पुढच्या वेळी ती कुठे ठेवायची ते साहेब ठरवणार. लेकीला रविवार मिळेल आणि बाकी सत्तेचाळीस जणांना साहेब मिळेल.

लांब्याला काही समजत नव्हतं. “काका, मला माहीत असतं तर—”

“म्हणूनच सांगितलं नाही,” काका म्हणाले. हे पूर्ण खरं नव्हतं, पण त्या वेळी बरं वाटलं. त्यांनी पेन उचललं आणि सोम-शुक्रच्या रकान्यात लांब्याचं नाव लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं. “साहेब, सही इथे करायची असते, यादीच्या खाली. बाजूला नाही.”

साहेबाने सही केली. साय परत आत गेली.

मग शनिवार-रविवारवाल्यांचे रूट उरले. त्या फळीत आता सगळ्यात वर काका. लांब्याने सोडलेला कचेऱ्यांचा रूट समोर मोकळा पडला होता. अठ्ठावन्न वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्याला दुसरं काय हवं? ‘पण’ने तर काकांच्या वतीने मान डोलवूनही घेतली.

“जिन्यांचा,” काका म्हणाले.

जिन्यांचा रूट म्हणजे टेकडीवरची वस्ती. गाडी खालीच लावायची, कारण वर रस्ताच नाही, पायऱ्याच आहेत. पायऱ्या संपल्या की चार मजल्यांच्या इमारती, लिफ्ट नाही. तो रूट नेहमी यादीत सगळ्यात शेवटी जो असेल त्याच्या गळ्यात पडायचा. यादी सुरू झाल्यापासून तो कुणी मागून घेतला नव्हता.

काकांनी पुढचं नाव वाचलं. लेकीचं.

तिने मान वर करून काकांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “कचेऱ्यांचा.”

“मोठ्याने,” काका म्हणाले.

“कचेऱ्यांचा, काका.”

त्यांनी लिहून घेतलं. नियमात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. साहेबाने यादी दोनदा वाचली, त्यालाही सापडली नाही.

घरी त्या संध्याकाळी काकांचा सत्कार झाला तो असा.

“म्हणजे आता दोघंही रविवारी गायब,” बायको म्हणाली. “वा. एकीला आणायला गेले आणि स्वतः जाऊन बसले.”

“ती एकला घरी येईल. नोकरी सोडायला नको,” काका म्हणाले.

“मला विचारलं का कुणी?” लेक म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “माझी नोकरी, माझी पोर, आणि ठरवणार तुम्ही. तेव्हाही तुम्हीच ठरवलंत ना? सभेत?”

काकांनी हातातला चहा खाली ठेवला. सभेतलं ते वाक्य तिला कुणी सांगितलं असेल? सांगायला अख्खा डेपो होता. इतकं गाजलेलं वाक्य आपल्याच घरी पोचायला तीन वर्षं लागली, म्हणजे डेपोने त्यांची भीडच राखली असणार.

“तेव्हा तू आली नव्हतीस,” ते म्हणाले.

“हो. म्हणूनच.”

थोड्या वेळाने काका म्हणाले, “पुढच्या करारात ही फळीच नको, असं मांडणार आहे. आमचं, शनिवार-रविवारवाल्यांचं म्हणणं म्हणून.”

“आमचं?” बायको म्हणाली. “आज सकाळपासून?”

“आज सकाळपासून.”

लेकीला हसू आलं, ते तिने दाबलं. “गुडघ्याला पट्टा बांधा,” एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

पहिला रविवार आला. काकांनी सवयीने दाराच्या घंटीची बॅटरी काढली, मग हातातल्या बॅटरीकडे बघितलं आणि परत बसवली. सहाला दोघांनी शेजारी शेजारी गाड्या भरल्या. लेकीची गाडी अर्धी, काकांची छतापर्यंत.  निघताना लेकीने त्यांच्या गाडीतली जड खोकी खालच्या फळीवर सरकवून दिली. ते तिला शिकवलं काकांनीच होतं, पण त्या दिवशी ते स्वतः विसरले होते.

दुपारी तीनच्या सुमाराला काका टेकडीच्या पायथ्याशी गाडीच्या मागच्या दारात बसले होते, पट्टा सोडून गुडघा चोळत. चाळीस दारं झाली होती, पन्नास उरली होती. समोरून लेक आली, साध्या कपड्यात. तिच्या हाताला नात. नातीच्या हातात डबा, काका घरी विसरलेला.

“आजोबा, आई आज सकाळचीच परत आली,” नातीने बातमी दिली.

“सकाळची नाही गं, एकची,” लेक म्हणाली.

“आम्ही जेवलो, मग झोपायचं नाटक केलं, मग कंटाळलो,” नात म्हणाली. तिला हे सगळं फार थोर वाटत होतं.

काकांनी डबा घेतला. “कंटाळलात? छान.”

वरच्या पहिल्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरून बनियन घातलेला एक माणूस वाकून ओरडला, “अहो, माझं पार्सल आहे का? सकाळपासून थांबलोय.”

काकांनी गाडीत हात घालून खोकं काढलं, पत्ता वाचला, वर बघितलं. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता ते वाक्य येणार, याची तिला खात्री होती.

“आलो,” काका म्हणाले.

त्यांनी पट्टा बांधला, डबा लेकीच्या हातात परत दिला, “तासाभराने खातो, इथेच ठेव,” म्हणाले आणि खोकं खांद्यावर घेतलं. पायऱ्या ते त्यांच्याच चालीने चढत होते, दर दहा पायऱ्यांना भिंतीला हात लावून थांबत होते. नात मोठ्याने पायऱ्या मोजत होती. त्रेसष्टला तिचं गणित चुकलं म्हणून तिने आईचा हात ओढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काका वळणावरून आत दिसेनासे झाले तरी दोघी तिथेच उभ्या होत्या. वर चौथ्या मजल्यावर तो बनियनवाला कठड्यावर रेलून जिन्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या खोक्यावर बाहेरूनच छापलेलं होतं, आत काय आहे ते. चाळणी होती.